मेणाची नासपती

१

काचेची पेटी जागच्या जागी होती. तिच्यापुढची पाटीही होती: ‘नासपती. मेण. मूळ रंगांसह.’ नासपती तेवढी नव्हती.

“गेली,” अध्यक्ष म्हणाले.

“दिसतंय,” मी म्हणाले.

मी विमा कंपनीची तपासनीस. लोकांना वाटतं, हरवलेल्या वस्तू शोधणं हे माझं काम. तसं नाही. वस्तू खरंच हरवली आहे का, आणि हरवली असेल तर भरपाई टाळायला एखादी सबब मिळते का, हे बघणं माझं काम. इतकी वर्षं हेच करून मी अशी झाले आहे की घरात कुणी ‘माझा चष्मा दिसत नाही’ म्हणालं, तरी मला आधी त्याचाच संशय येतो.

दुपार होती आणि उकडत होतं. दालन लोकांसाठी उघडायचं होतं संध्याकाळी, म्हणून आत बाहेरचं कुणीच आलेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीआधी नासपती पेटीत होती, सुट्टीनंतर नव्हती. दारावरच्या पहारेकऱ्याने सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या होत्या. म्हणजे नासपती इमारतीतच होती आणि चोरही.

“पेटीची किल्ली कुणाकडे?”

अध्यक्षांनी खाकरून घसा साफ केला. “कचेरीत खिळ्याला असते.”

“खिळ्याला?”

“तीन संघटना आहेत. किल्ली कुणाकडे राहावी यावर एकमत झालं नाही. म्हणून मग खिळा.”

या तीन संघटनांची ओळख करून दिली पाहिजे. एक मोठ्या संग्रहालयांची, तिचे हे अध्यक्ष. दुसरी छोट्या संग्रहालयांची. तिसरी या सगळ्यांत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांची. वर्षभर बैठका घेऊन तिघींनी ठरवलं होतं की यापुढे एकत्र काम करायचं: संगणक एक, निधीचा अर्ज एक, सरकारदरबारी आवाज एक आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षणही एक. त्या करारावर आज संध्याकाळी सह्या व्हायच्या होत्या. शोभेला म्हणून प्रत्येकीने आपली एकेक मौल्यवान वस्तू या दालनात मांडली होती. छोट्यांनी पाठवली होती ही नासपती. बागायतदारांना दाखवण्यासाठी फार पूर्वी कुणा कारागिराने ती घडवली. पुढे त्या जातीची झाडं गेली, फळं गेली, चव आठवणारी माणसंही गेली. मागे राहिली ती ही मेणाची.

मी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या पेट्यांमध्ये दिवे लखलखत होते. नासपतीच्या पेटीतला दिवा मात्र बंद होता. त्याची तार प्लगमधून काढून नीट गुंडाळून ठेवलेली होती. पेटीजवळच्या छोट्या टेबलावर एक मऊ फडकं घडी करून पसरलेलं होतं. त्या टेबलावर असायला हवी होती ती माहितीपत्रकं खुर्चीवर रचलेली होती, कडेला कड लावून.

“हे टेबल कुणी आवरलं?”

“झाडणाऱ्याने आवरलं असेल,” अध्यक्ष म्हणाले. “हे बघा, वर पत्रकार येऊन बसलेत. पोलिसांची गाडी आत्ता दारात नको. सह्यांच्या आधी मला नाव हवंय.”

“आणि वस्तू?”

“वस्तू मिळाली तर उत्तमच.”

२

मला बसायला पुस्तकविक्रीची खोली दिली. तिथे न विकल्या गेलेल्या सूचिपत्रांचे गठ्ठे टेबलभर होते. बाहेर बोळात चहाचं यंत्र होतं. येणारा प्रत्येक जण रीतीप्रमाणे दोन पेले घेऊन आला, एक स्वतःला आणि एक मला. चौकशीला येणारा माणूस चहा आणतो तेव्हा त्याच्या तोंडाआधी त्याचे हात बोलतात, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

पहिले अध्यक्ष. त्यांचा चहा शिपायाने आणला. एक घोट घेऊन त्यांनी पेला हवेतच पुढे केला, आणि तो मीच धरला. कुणीतरी धरणारच, अशी आयुष्यभराची सवय.

“भांडारपालीण बेफिकीर आहे,” ते म्हणाले. “त्या नासपतीबरोबर आलेली ती मुलगी. तिच्या संग्रहालयात तीच भांडारपाल, तीच तिकीटवाली आणि झाडूही तिच्याच हातात. अशांच्या हाती वस्तू ठेवायच्या म्हणजे काय! म्हणून तर मी म्हणतो, छोट्यांच्या सगळ्या वस्तू आमच्या तळघरात आणा.”

“सुट्टीत तुम्ही कुठे होता?”

“चिटणीसबाईंशी बोलत होतो.”

‘बोलत होतो’ म्हणजे काय ते चिटणीसबाई आल्यावर कळलं. छोट्या संघटनेच्या या चिटणीस पूर्वी शाळेत शिकवायच्या आणि अजूनही समोरच्याला बाकावर उभं करतील अशा सुरात बोलायच्या. आल्या आल्या त्यांनी दोन्ही पेले थेट सूचिपत्रांच्या गठ्ठ्यावर आदळले. मुखपृष्ठावरच्या राजाच्या कपाळावर चहाचं वर्तुळ उमटलं.

“भांडत होते मी त्यांच्याशी! निधीत आम्हाला किती आणि त्यांना किती, यावरून. सगळं भोजनगृह ऐकत होतं, विचारा कुणालाही. त्यांना काय, सगळं त्यांच्या तळघरात हवं. सहकार्य म्हणे! सुसरबाई तुझी पाठ मऊ म्हणत बसायचं आम्ही.”

“मग करार मोडला तर तुम्हाला आनंदच होईल.”

 त्यांचा चेहरा एकदम उतरला आणि त्या मला माझ्याच वयाच्या दिसल्या.

“मोडला तर आमची निम्मी संग्रहालयं बंद पडतील, ताई. पावसाळ्यात छप्पर गळतं तिथे भांडी लावतो आम्ही. भांडते मी, पण सही करणार आहे. भांडूनच करणार.”

जाताना त्यांनी दारातून वळून सांगितलं, “त्या संगणकवाल्याला विचारा. सकाळी त्या पेटीपाशी त्याची आणि मास्तरीणबाईंची जुंपली होती.”

३

मास्तरीणबाई म्हणजे कर्मचारी संघटनेच्या प्रमुख, आणि तिन्ही संघटनांच्या मिळून एकुलत्या एक प्रशिक्षिका. वस्तू कशी धरावी, कशी उचलावी, कशी पुसावी हे त्या शिकवायच्या. या सगळ्या सहकार्यात आजवर नीट चाललेली गोष्ट एकच, त्यांचा वर्ग. बाकी सगळं एक ना धड भाराभर चिंध्या.

वर्ग तळघरात चालायचा. मी गेले तेव्हा चालूच होता. बाजारातली फुटकी मडकी, कप, बाहुल्या अशा सरावाच्या वस्तू मांडणीवर खोक्यांमध्ये होत्या. प्रत्येक खोक्यात स्पंज कापून त्या वस्तूच्या आकाराचा खळगा केलेला.

“उचलायच्या आधी काय?” बाईंनी विचारलं.

“जागा आधी, हात नंतर,” वर्ग एका सुरात म्हणाला.

“म्हणजे?”

“ठेवायची जागा मोकळी करायची, मऊ कापड घालायचं, मगच वस्तूला हात लावायचा.”

“का?”

“हातात वस्तू घेऊन जागा शोधणारा माणूस ती पाडतो.”

तळघर वरच्यापेक्षा थंड होतं, तरी इतक्या माणसांत वारा नव्हता. विद्यार्थी घाम पुसत होते. खोलीत पंखा एकच, आणि त्याचं तोंड भिंतीकडच्या मांडणीकडे वळवलेलं.

“पंखा इकडे फिरवा की,” मी म्हणाले.

“कागद उडतात,” बाई म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला घेतलं. त्या निवृत्तीला आलेल्या, बारीक, सुती साडीतल्या. डोळ्यांखाली काळं. त्यांनी आधी टेबलावरचा चष्मा आणि हजेरीपट सरकवला, मग थर्मास काढून दोघींना चहा ओतला.

“सकाळी संगणकवाल्याशी कशावरून वाजलं?”

“दिव्यांवरून,” त्या म्हणाल्या. “जाऊ दे ते. रोजचंच आहे.”

“नासपती कुणी नेली असेल?”

त्यांनी पेल्यात पाहिलं. “जिने कुणी नेली, तिने नीट नेली असेल एवढीच आशा,” त्या म्हणाल्या.

मी जिना चढून वर आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या वाक्यात चोर बाई होती. बोळात शिपाई वाटच पाहत उभा होता. “मॅडम, लवकर चला. नाव सापडलंय म्हणतात.”

४

नाव होतं भांडारपालिणीचं. अध्यक्षांनी तातडीची संयुक्त बैठक घेतली होती. वर्षभर जे जमलं नव्हतं ते चहा निवायच्या आत जमलं. तिन्ही संघटनांचं एकमत झालं; कर्मचाऱ्यांच्या वतीने त्यांचे उपप्रमुख बसले होते. तिचा पगार या वर्षी संयुक्त निधीतून होत होता, तेव्हा चौकशी होईपर्यंत तिला कामावरून दूर ठेवावं, असं पत्र टंकून तयार होतं, सह्या तेवढ्या राहिल्या होत्या.

“पुरावा?” मी विचारलं.

“वस्तू तिच्या ताब्यात होती. आणखी काय पुरावा?”

“तपास माझा चाललाय ना?”

“तो चालू द्या की,” अध्यक्ष उदारपणे म्हणाले. “पण पत्रकारांना काहीतरी सांगायला नको का?”

चोर सोडून संन्याशाला फाशी. माझं डोकं तापलं, पण तापून बोलण्याइतकं बळ उरलेलं नव्हतं. मी संगणकवाल्याला बोलावलं.

त्याला सगळे ‘चार्जर’ म्हणायचे, कारण त्याच्या गळ्यात तो कायम लोंबत असायचा. तो दोन पेले घेऊन आला आणि टेबलाकडे बघत तसाच उभा राहिला.

“मॅडम, जरा धरता का? जागा करतो.”

मी धरले. त्याने गठ्ठे सरकवताना दोन खाली पाडले.

“तुझ्या संगणकाच्या खोलीत गारवा असतो म्हणे.”

“हो, यंत्रं तापतात ना. मॅडम, मी नाही हो नेली! बघा हवं तर.”

मी ती खोली बघितली. कपाटांच्या मागे आणि खाली शोधलं, तारांचा गुंता उपसला. तिथे एक जुनी छत्री आणि कुणाचा तरी डबा निघाला, नासपती नाही.

“सकाळी बाईंशी भांडण कशाचं?”

“दिवे नवे आहेत, मॅडम. फोनवरून कमी-जास्त होतात. अध्यक्षांनी सांगितलं, फोटोसाठी पूर्ण वर ठेव. बाईंनी सकाळी नासपतीच्या दिव्याची तारच काढली. माझ्या फोनवर लगेच लाल खूण. मी परत लावली. त्या चिडल्या. मी म्हटलं, बाई, मला तिन्ही संघटनांचा ठराव आणून द्या, मी आत्ता कमी करतो. मी तरी काय करणार? मला तीन साहेब आहेत.”

“दुपारी पुन्हा लाल खूण दिसली?”

“दिसली असेल. फोन चार्जिंगला होता.” तो ओशाळला. त्याच्या गळ्यातला चार्जर तसाच लोंबत होता.

मी पुन्हा दालनात गेले आणि शेजारच्या पेटीच्या काचेवर तळहात ठेवला. पुढच्या क्षणी मागे घेतला. काच तव्यासारखी तापली होती.

५

भांडारपालीण शेवटी आली. नुकतीच विशी सरली असेल अशी मुलगी, बाह्या दुमडलेल्या. ती आली तेव्हा हात रिकामे होते. तिने टेबलाचा कोपरा मोकळा केला, खिशातला रुमाल तिथे पसरला, मग बाहेर जाऊन चहा आणला. सवय इतकी अंगात मुरलेली की आपण काय केलं हे तिला कळलंही नसावं.

मग तिने दुमडलेलं पत्र माझ्यापुढे ठेवलं.

“हे दिलं त्यांनी. वाचा.”

मी वाचलं. खाली तीन सह्या होत्या. अध्यक्षांची लांबलचक, चिटणीसबाईंची कागद फाटेल इतकी दाबून केलेली, आणि तिसरी लहान, सरळ, कर्मचारी संघटनेच्या वतीने. मास्तरीणबाईंची.

“त्यांनीही केली,” ती म्हणाली. “बाकीच्यांचं काही वाटत नाही. बाईंनी शिकवलं मला सगळं. घरी आईला काय सांगू? बाबा गेल्यापासून आमचं घर या पगारावर चालतं. आणि नासपती? आमच्याकडे येणारी माणसं तिलाच बघायला येतात. तिच्याशिवाय दार उघडून बसायचं तरी कशाला?”

ती रडली नाही. मला उगाचच वाटलं की रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“नासपती कशातून आणलीस?”

“तिचा स्वतःचा खोका आहे, आत तिच्या आकाराचा खळगा. तो माझ्या कपाटात आहे, कुलपात.”

आम्ही दोघींनी जाऊन पाहिलं. खोका होता, रिकामा. सकाळी घातलेल्या नव्या कापसावर बोटाचा ठसादेखील नव्हता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमचे हे. पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे घरी आहेत, आणि घरी असल्यामुळे मला फोन करतात.

“अगं, गाळणी कुठे आहे?”

“असते तिथेच.”

“मी असतो तर जिथे ठेवली असती तिथे सगळीकडे पाहिलं.”

“तुम्ही नाही ठेवली ना ती! मी ठेवली. मी कशी ठेवते ते आठवा आणि तिथे बघा.”

पलीकडे थोडा वेळ भांड्यांचा आवाज. “सापडली,” हे म्हणाले. “ओट्याखाली, वाऱ्याला, उपडी.”

“हो. वाळायला.”

फोन ठेवला आणि मी तशीच उभी राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं माझं. सगळी दुपार मी ‘कुणी नेली’ विचारत होते. ‘कशी ठेवली असेल’ हे विचारलंच नव्हतं.

“मॅडम? काय झालं?” भांडारपालिणीने विचारलं.

“तो पंखा,” मी म्हणाले आणि जिन्याकडे निघाले.

६

वर्ग सुटला होता. बाई एकट्याच खुर्चीवर बसल्या होत्या. पंखा अजून मांडणीकडे तोंड करून फिरत होता. समोर एकही कागद नव्हता.

सगळ्यांना एका खोलीत जमवायचं आणि मग बोट दाखवायचं, एवढी हौस माझ्यात उरलेली नाही. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. भांडारपालिणीला मी जिन्यातच थांबायला सांगितलं होतं.

“बाई, चोराने जाताना दिव्याची तार काढून गुंडाळून ठेवली. चोराला दिव्याशी काय करायचंय? दिवा कुणाला नको होता, तर जिला वस्तूची काळजी होती तिला. हे एक.”

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

“दुसरं, शेजारचं टेबल. पत्रकं उचलून खुर्चीवर, टेबलावर फडकं. जागा आधी, हात नंतर. आज मी पाच जणांना चहाचा पेला ठेवताना पाहिलं. अध्यक्ष हवेत ठेवतात, चिटणीसबाई गठ्ठ्यावर, आणि चार्जर दोन्ही हात भरल्यावर जागा शोधतो. आधी जागा करणारी माणसं दोनच दिसली. एक तुम्ही, एक तुमची ती विद्यार्थिनी.”

“मग ती का नाही?” बाईंनी विचारलं. आवाज शांत होता.

“तिच्याकडे नासपतीचा स्वतःचा खोका होता. तिने तोच पेटीशी नेला असता, टेबल कशाला आवरलं असतं? ज्या बाईकडे तो खोका नव्हता, तिला टेबल लागलं. आणि नंतर दुसरा खळगा लागला. तो कापायला स्पंज आणि सुरी लागली. इमारतीत त्या दोन्ही गोष्टी फक्त या खोलीत आहेत.”

मी उठून पंख्याच्या वाऱ्यात हात धरला आणि वारा जातो तिथवर गेले. मांडणीवर, भिंतीच्या गार दगडाला टेकून, सरावाचं एक खोकं होतं. इतरांच्या झाकणावर खडूने ‘कप’, ‘बाहुली’ असं काही ना काही लिहिलेलं. यावर काही नव्हतं.

“उघडू?”

“आधी जागा कर,” बाई सवयीने म्हणाल्या. मग त्यांनी चेहरा ओंजळीत झाकला.

मी जागा केली. आत नासपती होती. पिवळसर हिरवी, देठाशी तांबूस झाक, खरी म्हणून कुणी चावा घेईल अशी. एक गाल मात्र बसला होता, उशीवर झोपलेल्या मुलाचा बसतो तसा.

“सुट्टीत वर गेले तेव्हा ती वितळायला लागली होती,” बाई म्हणाल्या. “सकाळी तार काढली, त्याने परत लावली. दोन महिने मी सांगतेय. तंत्रज्ञान समिती म्हणाली, दिवे बदलायला निधी लागेल. निधी समिती म्हणाली, सरकारकडे पाठपुरावा करायला हवा. पाठपुरावा समिती म्हणाली, दिव्यांबाबत कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. आणि प्रशिक्षण समिती म्हणजे मीच. फिरून फिरून भोपळे चौकात.”

मला हसू आलं आणि त्याची लाजही वाटली.

“मग वस्तू वाचवलीत. लगेच सांगायचं होतं.”

“सांगायलाच वर गेले. तोवर अध्यक्षांनी पत्रकारांना ‘चोरी’ म्हणून सांगून टाकलं होतं. म्हटलं, आता मी तोंड उघडलं तर करार मोडेल. करार मोडला तर हा वर्ग बंद. आमच्या माणसांना दुसरं कोण शिकवणार? वाटलं, सह्या होऊ देत. रात्री नासपती हळूच परत ठेवीन. त्या पोरीचे चार दिवस वाईट जातील, मग मी निस्तरीन.”

“पत्रावर सही केलीत तुम्ही.”

“केली.” त्यांनी डोळे पुसले नाहीत. “फळ उन्हातून काढलं आणि माणूस उन्हात ठेवला. मला कळतंय ते. मघापासून तेच कळतंय.”

जिन्यात पाऊल वाजलं. भांडारपालीण खाली आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

७

ती आधी नासपतीपाशी गेली. वाकून तिने बसलेला गाल पाहिला, हात न लावता. मग बाईंकडे वळली.

“वस्तू वाचवलीत, बाई. मला सांगितलं असतंत तर मी तुमच्याबरोबर वर आले असते. दोघी मिळून ओरडलो असतो.”

“चुकले मी,” बाई म्हणाल्या. “माफ कर.”

 भांडारपालिणीने स्वतःच्या खोक्यातला कापूस आणला, नासपती त्यावर घेतली आणि दोन्ही हातांत धरून जिना चढायला लागली. बाई पुढे होऊन वाटेतली दारं उघडत गेल्या. मी मागून.

वरच्या सभागृहात समारंभ सुरूच होत होता. लांब टेबलावर कराराच्या प्रती, लेखण्या, पुष्पगुच्छ, पाण्याच्या बाटल्या, ध्वनिक्षेपक, सगळं खच्चून मांडलेलं. पत्रकार बसलेले. भांडारपालीण सरळ टेबलापाशी गेली आणि थांबली. ठेवायला तळहाताएवढी जागा नव्हती.

“हे काय? आत्ता?” अध्यक्ष पुटपुटले.

“जागा,” ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

कुणी हललं नाही. तिच्या हातांत वस्तू होती. मग चिटणीसबाईंनी पुष्पगुच्छ उचलले. चार्जरने ध्वनिक्षेपक आणि बाटल्या काढल्या, या वेळी काही न पाडता. अध्यक्षांनी कराराच्या प्रती उचलल्या, इकडेतिकडे पाहिलं, त्या धरायला कुणीच पुढे आलं नाही, तेव्हा त्यांनी त्या स्वतःच जमिनीवर ठेवल्या. मास्तरीणबाईंनी हातातलं फडकं टेबलावर पसरलं. नासपती टेबलावर आली, बसलेला गाल लोकांकडे.

बाई उभ्या राहून बोलल्या. सगळं सांगितलं, दिव्यांचं, समित्यांचं, स्वतःच्या सहीचं. काही वगळलं नाही, सबबही दिली नाही. मी एवढंच जोडलं की ही चोरी नाही, दिव्याने झालेलं नुकसान आहे, आणि दिवे तिघांनी मिळून घेतलेले आहेत, तेव्हा कंपनी भरपाई देणार नाही. माझे साहेब खूश होतील. मला काही खूश होता आलं नाही.

अध्यक्षांनी नासपतीकडे पाहिलं. “चार्जर,” ते म्हणाले, “सगळे दिवे बंद कर.”

“ठराव, साहेब?”

“गाढवा, बंद कर!”

सह्या झाल्या. अंधुक उजेडात, मांडीवर कागद धरून झाल्या, कारण टेबल कुणी मागितलं नाही. वर्गाचं काय होणार ते पुढच्या बैठकीत ठरणार होतं. बाई मागच्या रांगेत एकट्या बसून होत्या. भांडारपालीण त्यांच्याजवळ गेली नाही, आणि मलाही तिला जा म्हणवेना.

निघताना मी तिला दारात गाठलं. अध्यक्ष तिच्यापुढे हात पसरून उभे होते.

“ते पत्र द्या, ताई. फाडून टाकतो. झालं गेलं विसरून जा.”

“नाही,” ती म्हणाली.

“अहो, पण आता त्याचा उपयोग काय?”

तिने पत्र उलगडलं, घडी पडली होती तिथे बोट फिरवून सरळ केलं आणि दोन कोऱ्या कागदांमध्ये अलगद ठेवलं.

“तुम्ही तिघांनी एकमताने केलेलं पहिलं काम आहे हे,” ती म्हणाली. “नोंद करून संग्रहात ठेवीन. जपून ठेवायचं, हीच माझी नोकरी आहे ना?”